खानेसुमारीच्या दिवसांतला जन्म

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या मुलखात देवाला देह असणे ही नवलाची गोष्ट नाही. कुकडीच्या खोऱ्यात लेण्याद्रीच्या जवळजवळ तीनशे पायऱ्यांची दमछाक सोसून जो भाविक सातव्या लेण्यात पोचतो, त्याला तेथे एकही खांब नसलेले प्रशस्त दालन, त्याच्या तिन्ही बाजूंस भिक्षूंसाठी खोदलेल्या वीस कोठड्या आणि मागच्या भिंतीतल्या मधल्या कोठड्यांच्या जागी शेंदूर ल्यालेला गिरिजात्मज दिसतो. आणि कोणीतरी जाणता त्याला सांगतो की, गिरिजेने याच डोंगरावर बारा वर्षे तप केले, आपल्या अंगीच्या मळापासून बालकाची मूर्ती घडविली आणि त्या मूर्तीत प्राण आला. ओतूरला मांडवीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या सान्निध्यात, तुकोबांना स्वप्नात अनुग्रह देणाऱ्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. आळ्याला, ज्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी वेद वदविला त्या रेड्याची समाधी आहे. घोडेगावावरून पश्चिमेस जावे, तर डिंभ्याच्या जलाशयापलीकडे भीमाशंकराचे रान सुरू होते, आणि तेथे तर त्रिपुरासुराशी झुंजून दमलेल्या शंकराच्या घामाचीच भीमा नदी झाली, असे सांगतात. जेथे देवाला घाम येतो, देवाला आई असते आणि देव स्वप्नात येऊन डोक्यावर हात ठेवतो, तेथल्या माणसाला कोणी सांगितले की, ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेप्रमाणे देव मनुष्य होऊन पृथ्वीवर आला, तर तो विस्मय पावत नाही. तो मान डोलावतो आणि दशावतारांच्या खतावणीत एक अकरावा रकाना पाडून त्या वार्तेची तेथे नोंद करून मोकळा होतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील चर्च मिशनरी सोसायटीचे एक ठाणे जुन्नरास होते. तेथल्या उपदेशकांना लोकांच्या विरोधापेक्षा या मान डोलावण्याचीच अधिक अडचण झाली असली पाहिजे, असे मला नेहमी वाटते. कारण विरोध करणाऱ्याशी निदान वाद घालता येतो, पण 'हे तर आमच्याकडे आहेच' असे म्हणणाऱ्या सज्जनापुढे काय बोलावे? वस्तुतः ख्रिस्ती मराठीत ज्याला देहधारण म्हणतात, तो सिद्धांत आपल्या अवतारकल्पनेच्या अगदी शेजारी उभा असल्यामुळेच आपल्याला नीट दिसत नाही. तो मान्य करावा की अमान्य, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु ज्या धर्माची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच गावकुसात राहत आली, त्यांची मध्यवर्ती श्रद्धा काय आहे, हे नेमके ठाऊक असणे कोणाही शिकलेल्या मराठी माणसास शोभेल.

ख्रिस्ती शास्त्रातील मूळ कथा थोडक्यात अशी. लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानात प्रारंभीच रोमच्या दफ्तराचा वास येतो. कैसर ऑगस्टसने आपल्या सगळ्या साम्राज्यात खानेसुमारी करण्याचा हुकूम काढला. त्या वेळी सीरियाच्या सुभ्यावर कुरेन्य नावाचा अधिकारी होता. आणि प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे, अशी सक्ती असल्यामुळे नासरेथचा योसेफ नावाचा सुतार, त्याला वाग्दत्त असलेल्या गरोदर मरियेसह, बेथलेहेमास आला. उतारशाळेत जागा नव्हती. तेथेच मरियेचे दिवस भरले, आणि तिने मुलाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजविले. योहानाचे शुभवर्तमान हीच गोष्ट निराळ्या टोकाकडून सांगते. त्यात गाव नाही, सुभेदार नाही, गव्हाण नाही. सृष्टीच्याही आधी देवापाशी असणारा आणि स्वतः देवच असणारा जो शब्द, ज्याच्याकरवी हे सारे उत्पन्न झाले, तोच रक्तामांसाचा झाला आणि माणसांत येऊन राहिला, असे तो प्रस्तावनेत सांगतो. देहधारणाचा सारा सिद्धांत म्हणजे ही दोन कथने एकाच व्यक्तीविषयी आहेत, असा आग्रह होय. गव्हाणीत रडणारे ते पोर आणि विश्वाचा कर्ता हे दोघे नाहीत.

गव्हाण म्हणजे काय, हे मंचर किंवा नारायणगावच्या वाचकाला सांगण्याची गरज नसली तरी नाताळच्या देखाव्यांनी ती फार स्वच्छ करून टाकली आहे, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहणे बरे. जुन्या गोठ्यात भिंतीच्या कडेला दगडमातीचा बांधलेला, किंवा लाकडाचा ओंडका कोरून केलेला तो लांबट हौदा. जनावरांच्या मानांनी वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेली त्याची कड. तळाशी उरलेला कडब्याचा चुरा, थोडी माती, लाळेने ओलसर राहिलेले कोपरे. आणि भोवती शेणामुताचा तो उग्र, उबदार वास. लूकच्या कथेत बैल नाही आणि गाढवही नाही; ती जनावरे पुढच्या काळातील भाविकांनी आणून बांधली. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने खऱ्या गवताची आणि खऱ्या बैलगाढवांची गव्हाण उभारून लोकांना दाखविली, त्या वेळी त्याच्या मनात हीच गोष्ट असली पाहिजे की, सोन्याच्या वेदीकडे पाहता पाहता माणसे मूळचा तो वास विसरून गेली आहेत. आज आपल्याकडे ख्रिस्ती घरांतून नाताळात कागदी तारा टांगतात, करंज्या-चकल्या करतात, आणि पुठ्ठ्याच्या गोठ्यात कापसावर बाळ ठेवतात. देखावा गोड असतो, यात शंका नाही. पण मूळ कथेत गोडव्यापेक्षा अडचण अधिक आहे.

खानेसुमारीचा उल्लेखही असाच महत्त्वाचा. मत्स्यावतार कोणत्या शकात झाला, असे आपण विचारीत नाही, आणि विचारले तर तो प्रश्न अडाणीपणाचा ठरेल. पुराणाला कालगणना असते ती युगांची, सनावळीची नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेने मात्र आपला देव मुद्दाम इतिहासाच्या दफ्तरात नेऊन बसविला आहे. दर रविवारी उपासनेत जो मतांगीकार म्हटला जातो, त्यात देवपिता, येशू आणि पवित्र आत्मा यांच्या जोडीला मरियेचे नाव येते, आणि त्याच ओघात यहूदियाचा रोमन अंमलदार पंतय पिलात याचेही नाव येते. एका मध्यम दर्जाच्या, जुलमी आणि धरसोड वृत्तीच्या अधिकाऱ्याचे नाव जगभरची माणसे शतकानुशतके प्रार्थनेत उच्चारतात, याचे कारण एवढेच की, त्या नावाने काळ बांधला जातो. पिलात त्या पदावर इ.स. २६ ते ३६ या दहा वर्षांत होता.

जन्माच्या तिथीबाबत मात्र शुभवर्तमाने मौन पाळतात, आणि जुन्नरकरांना यात थोडी गंमत वाटेल. शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९च्या वैशाखात झाला की शके १५५१च्या फाल्गुनात, या एका प्रश्नावर आपल्या इतिहासपंडितांनी किती शाई आणि किती संताप खर्च केला! येशूच्या बाबतीत पंचवीस डिसेंबर ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेली दिसते, आणि सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या मठवासी गणितज्ञाने जी सनगणना बसविली तिच्यात काही वर्षांची चूक राहून गेली; कारण राजा हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि मत्तयाच्या कथेप्रमाणे येशूचा जन्म हेरोदाच्या हयातीत झाला. कुरेन्याच्या सुभेदारीचा काळही या हिशेबात सहजी बसत नाही. अशी ओढाताण व्हावी, हे त्या श्रद्धेच्या जातीलाच धरून आहे. ज्याने इतिहासात पाऊल टाकले, त्याला इतिहासकारांच्या उलटतपासणीतून सूट मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. देव मनुष्य झाला, यातील 'झाला' म्हणजे काय? पहिल्या दोन-तीन शतकांत ख्रिस्ती मंडळीपुढे जी पहिली मोठी पळवाट आली, ती आपल्याला फार ओळखीची वाटेल. काही विद्वान म्हणत, देव तो देवच. त्याला भूक कशी लागेल, वेदना कशी होईल? सबब येशूचा देह हा केवळ भास होता, आणि वधस्तंभावर जे दिसले तेही दिसण्यापुरतेच. मायेने देह धरणारा, लीलेने रडणारा आणि लीलेनेच हसणारा देव आपल्या कथाकीर्तनांतून इतका रुळलेला आहे की, आपल्यालाही हे मत सहज पटावे. मंडळीने ते स्पष्टपणे नाकारले. शुभवर्तमानांतला येशू लहानाचा मोठा होतो आणि वयाबरोबर त्याचे शहाणपणही वाढते, म्हणजे ते आधी कमी होते, असा अर्थ घेणे प्राप्त आहे. तो सुतारकाम करतो. शोमरोनात भर दुपारी प्रवासाने थकून तो विहिरीपाशी बसतो आणि एका परक्या बाईकडे पाणी मागतो. मित्राच्या कबरीपाशी तो रडतो. युगाचा अंत केव्हा होणार, हे आपल्यालाही ठाऊक नाही, असे तो शिष्यांना सांगतो. सर्वज्ञ देवाने 'मला ठाऊक नाही' म्हणावे, हे वाक्य शास्त्रकारांच्या घशात शतकानुशतके अडकून राहिले आहे. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो घाबरतो आणि हा प्रसंग टळावा अशी प्रार्थना करतो. यांतली एकही गोष्ट सोंग नव्हती, ही देहधारणाच्या सिद्धांताची पहिली अट.

दुसरी पळवाट उलट दिशेची. चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने प्रतिपादन केले की, येशू हा देवाने निर्माण केलेला सर्वश्रेष्ठ जीव होय, परंतु प्रत्यक्ष देव नव्हे. या वादाने साम्राज्यात इतकी खळबळ उडाली की, बादशहा कॉन्स्टन्टाइन याने ३२५ साली निकेया येथे धर्मगुरूंची परिषद भरविली, आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय तेथे झाला. मग प्रश्न उरला तो असा की, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य हे एकाच व्यक्तीत नांदतात तरी कसे? ४५१ साली कॅल्सिडॉनच्या परिषदेने जो निवाडा दिला, त्याची खुबी त्याच्या नकारांत आहे. एका व्यक्तीत दोन स्वभाव. त्यांची मिसळ झाली नाही, त्यांत पालट झाला नाही, त्यांची वाटणी होत नाही, त्यांची ताटातूट होत नाही. कसे, ते परिषदेने सांगितले नाही. शेताला चार बाजूंनी बांध घालून द्यावेत आणि आत काय उगवते ते उगवू द्यावे, तसा हा निवाडा आहे; पुढच्या शतकांतील बहुतेक पाखंडे म्हणजे यांपैकी एखादा बांध कोरण्याचे प्रयत्न होत. ज्यांना धर्मसिद्धांत म्हणजे सगळ्याचे उत्तर वाटते, त्यांनी हा निवाडा अवश्य पाहावा. नेति नेति म्हणण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना तो एरवीच्या ख्रिस्ती प्रतिपादनापेक्षा अधिक रुचेल, असा माझा अंदाज आहे.

हे सारे वाद दूरच्या ग्रीक शहरांतले, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु जुन्नर हे जगापासून तुटलेले गाव कधीच नव्हते. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून याच पेठेत येई, आणि जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या तीन यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आजही वाचता येतात; पाण्याची टाकी, संघासाठी भोजनमंडप, लेण्याचा दर्शनी भाग, अशी ती दाने. त्याच घाटाच्या पायथ्याकडील बंदरात पुढे ख्रिस्ती वस्ती झाली असावी. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवासी व्यापाऱ्याने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हे स्थळ म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. हा इराणी पंथ नेस्टोरियसच्या नावाने ओळखला जाई. कॉन्स्टँटिनोपलच्या या धर्माध्यक्षाचा आक्षेप असा होता की, मरियेला देवमाता म्हणू नये. ती ख्रिस्ताची माता म्हणावी, कारण अनादि देवाला आई कशी असेल? ४३१ साली एफेससच्या परिषदेने त्याला दोषी ठरवून पदच्युत केले. लेण्याद्रीवर गिरिजेच्या मुलाला नवस बोलणाऱ्या बाईला हा आक्षेप कळणारही नाही. देवाला आई असते, हे ती घरून शिकून आलेली आहे. एफेससच्या धर्माध्यक्षांना मात्र त्या एका शब्दाच्या आड सगळा सिद्धांत पणाला लागलेला दिसला: मरियेच्या उदरात जो वाढला तो देवच नसेल, तर देव मनुष्य झाला हे म्हणणेच संपले.

आपल्या भूमीवर या प्रश्नासाठी रक्त सांडल्याचा जो स्पष्ट वृत्तांत उपलब्ध आहे, तो ठाण्याचा. १३२१च्या एप्रिलात चार फ्रान्सिस्कन साधू समुद्रमार्गे ठाण्यास उतरले आणि तेथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांपैकी एकाच्या घरी राहिले. पाद्री ओडोरिक, ज्याने पुढे त्यांच्या अस्थी गोळा करून चीनपर्यंत नेल्या, तो सांगतो त्याप्रमाणे त्यांपैकी तिघांना काजीपुढे उभे करण्यात आले, आणि काजीने जो वाद मांडला तो नेमका हाच: ख्रिस्त हा निव्वळ मनुष्य होता, देव नव्हता. साधूंनी तो देव आणि मनुष्य दोन्ही असल्याचे ठासून सांगितले, पुढे पैगंबरांविषयीच्या प्रश्नावर प्रकरण हातघाईवर आले, आणि चौघांचाही वध झाला. ईश्वराच्या एकत्वाला बाध येऊ नये, ही काजीची चिंता होती, आणि ती तर्काच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हती. तिचे निराकरण तलवारीने होत नाही, हे निराळे.

आपल्याकडे ख्रिस्ती पंडितांशी वाद झाले ते शस्त्राविना झाले, ही समाधानाची गोष्ट. पण ते फलदायी झाले, असे मात्र म्हणवत नाही. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली आणि विल्सनने तिचे खंडन छापले. त्या वादाचा मोठा भाग अवतारांच्या वर्तनाभोवती फिरला. कृष्णाने अमुक केले ते देवाला शोभते का, असे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने तुमच्याही ग्रंथांत काय काय आहे, ते दाखवायचे. मिशनऱ्यांनी हा सगळा विषय चारित्र्याच्या दाखल्यावर आणून ठेवला, त्यामुळे दोन कल्पनांमधला खरा भेद बाजूलाच राहिला. तो भेद नीतीचा नाही. धर्माला ग्लानी येते तेव्हा युगायुगांतून पुन्हा पुन्हा अवतरण्याचे आश्वासन गीतेत आहे; त्या येण्याला हेतू असतो, तो पुरा झाला की अवतारकार्य संपते, राम शरयूत प्रवेश करतो आणि कृष्ण व्याधाच्या बाणाचे निमित्त करून निजधामास जातो. ख्रिस्ती देहधारण एकदाच घडते, आणि ते संपत नाही. मरणातून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच आहेत, शंकेखोर थोमाला तो ते दाखवितो, आणि त्याच वणांसह तो स्वर्गात जातो. देवाने मनुष्यपण स्वीकारले ते कायमचे, एवढे म्हणण्याचे धाडस ही श्रद्धा करते. मनुष्यदेह हा कार्यापुरता घेतलेला वेश असता, तर तो उतरवून ठेवता आला असता.

म्हणूनच मला वाटते की, ज्या मराठी माणसाला देहधारण समजून घ्यायचे आहे, त्याने दशावतारांच्या पटाकडे न पाहता पंढरपूरकडे पाहावे. जनीबरोबर जाते ओढणारा, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरणारा विठ्ठल हा असुर मारायला आलेला नाही. तो भक्ताच्या घरचे काम करायला आला आहे. त्यातही दामाजीची कथा फार जवळची. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार लोकांना लुटू दिले, बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला, आणि ते दरबारी पोचण्याआधीच विठ्ठल विठू महाराच्या रूपाने तेथे गेला, धान्याची सारी रक्कम खजिन्यात भरली आणि रीतसर रसीद घेतली. देवाने गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाचे रूप घ्यावे, काठी-घोंगडी घेऊन दरबारात उभे राहावे आणि दुसऱ्याचे देणे फेडावे, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्याला पौलाचे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र परके वाटू नये. कारण तेथेही देवस्वरूपात असलेल्याने आपले ऐश्वर्य धरून न ठेवता दासाचे रूप घेतले, असेच म्हटले आहे.

मात्र शेवट निराळा आहे. विठू रसीद घेऊन अदृश्य होतो. बादशहा त्याला शोधीत राहतो, दामाजी सुटतो, आणि महाराच्या वाट्याचे रोजचे जिणे विठ्ठलाच्या वाट्याला येत नाही. ख्रिस्ती कथेत तो अदृश्य होत नाही. तो पकडला जातो, फटके खातो, आणि गुलाम व बंडखोर यांच्यासाठी राखून ठेवलेल्या शिक्षेने गावाबाहेर मरतो. अहमदनगर आणि त्याच्या आसपासच्या मुलखात ज्यांनी हा धर्म स्वीकारला, त्यांतील बहुसंख्य महार व मांग समाजांतले होते. त्यांच्या धर्मांतराला दुष्काळ, शाळा, प्रतिष्ठेची आस अशी पुष्कळ कारणे होती आणि ती लपविण्याचे प्रयोजन नाही. पण विठू महार निघून न जाता राहिला असता तर काय झाले असते, हे त्यांना परिषदांच्या निवाड्यांवाचून कळत होते, असे मानायला हरकत नसावी.

देव असा का झाला, याची उत्तरे ख्रिस्ती परंपरेत एकाहून अधिक आहेत. चौथ्या शतकातील अथनेशियसच्या मते मनुष्यस्वभावाला मरणाची कीड लागली होती, आणि ज्या जीवनाने सृष्टी घडली तेच जीवन त्या स्वभावात शिरल्यावाचून ती निघणे शक्य नव्हते. देव मनुष्यासारखा झाला, तो मनुष्याने देवासारखे व्हावे म्हणून. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने हिशेबाची भाषा वापरली: देणे मनुष्याचे, पण ते फेडण्याची ऐपत फक्त देवाची, सबब फेडणारा दोन्ही असला पाहिजे. ही दुसरी मांडणी मिशनऱ्यांनी आपल्याकडे अधिक आणली. ती चटकन समजते खरी. पण तिच्यात देव थोडासा सावकारासारखा दिसू लागतो, आणि पहिली मांडणी अधिक खोल आहे, हे माझे मत मी झाकून ठेवीत नाही.

या सिद्धांतावर मराठी मातीतून जो सर्वांत भारी आक्षेप येतो, तो मोरभटांचा नसून आळ्याच्या त्या समाधीचा आहे. रेड्याच्या पाठीवर फटका बसला तर वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उठतो, रेड्याच्या मुखातून श्रुती निघते. कारण चैतन्य एकच आहे. मग नासरेथच्या एकाच माणसात देव पूर्णत्वाने होता, हे म्हणण्यात संकोच नाही का? ज्या दारिद्र्यातून तुम्ही देवाला एका गावात, एका वर्षात कोंडता, त्याची आम्हाला काय गरज? ख्रिस्ती पक्षातर्फे याचे उत्तर ज्याने सर्वांत कसून दिले तो मराठीच ब्राह्मण होता. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीतले न्यायशास्त्र शिकलेले पंडित. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले, आणि 'षड्दर्शन दर्पण' लिहून वेदान्ताची झाडाझडती घेतली. त्यांच्या विचाराचा रोख असा की, जीव मुळातच ब्रह्म असेल तर ब्रह्माने जीवाकडे येण्यात काही घडतच नाही. निर्माता आणि निर्मिती यांत खरे अंतर असेल, तरच ते अंतर ओलांडणे ही घटना ठरते. म्हणजे जेथे अद्वैती माणसाला संकोच दिसतो, तेथेच ख्रिस्ती माणसाला प्रेम दिसते. येथे दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत तर्क चालविता येतो, आणि मग निवड करावी लागते.

ही निवड सोपी नसते, याची साक्ष पंडिता रमाबाईंइतकी कोणी दिली नाही. १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर लगोलग त्यांचा इंग्रज भगिनींशी जो पत्रव्यवहार सुरू झाला, त्यात ख्रिस्ताचे देवपण आणि देवाचे त्रैक्य यांविषयी त्या एखाद्या नैयायिकाप्रमाणे हुज्जत घालताना दिसतात. अमुक गोष्ट मंडळीने ठरविली म्हणून माना, हे त्यांना मान्य नव्हते. शास्त्रात कोठे आहे ते दाखवा, असा त्यांचा आग्रह. वाँटेजच्या भगिनींना हा उद्धटपणा वाटला. चेल्टनहॅमच्या कन्याविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंका शंका म्हणून ऐकून घेतल्या, आणि गोऱ्यांनीही पत्रांतून त्यांच्याशी चर्चा केली. मनाचा कौल मिळायला पुढे आणखी काही वर्षे लागली; आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी नंतर आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे.

नारायण वामन टिळकांची वाट याहून मऊ. १८९५च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे, आणि त्या पुलाचा एक खांब जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला रोवलेला आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तुकोबांचे बाबाजी स्वप्नात भेटले, भोजनाला तूप मागितले आणि मंत्र देऊन गेले, भेट तेवढीच. तुकोबांना ती जन्मभर पुरली. टिळकांना जो हवा होता तो मात्र जागेपणी भेटणारा, घाम येणारा, शिवता येणारा गुरू होता, आणि त्यांच्या अभंगांतून येशूला गुरू, माय आणि सखा म्हणून जी हाक येते, ती वारकऱ्याची आहे. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले. १९१९ साली ते वारल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.